सत्तावीस मिलिमीटर

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या प्रयोगशाळेच्या क्वालिटी कंट्रोलच्या वहीत सलग तीन दिवस एकच आकडा आहे, २७. तिन्ही दिवस त्यापुढे बरोबरची खूण आहे आणि सही माझी आहे. नियमाला धरून ती खूण बरोबरच होती.

सोलापुरातल्या एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयात मी सूक्ष्मजीवशास्त्राचं काम पाहते. माझ्यासोबत दोन टेक्निशियन, दोन इन्क्युबेटर आणि एक जुना डीप फ्रीझर. पूर्व भागातले यंत्रमाग कामगार, विडी वळणाऱ्या बायका, अक्कलकोट-मंगळवेढ्याकडचे शेतकरी आणि सीमेपलीकडून इंडी-आळंदचे लोक असे सगळे रुग्ण आमच्याकडे येतात. त्यातले पुष्कळ जण आमच्यापर्यंत पोचेस्तोवर दोन-तीन दवाखान्यांची अँटिबायोटिकं पचवून आलेले असतात. त्यामुळे मेरोपेनेमसारख्या राखून ठेवलेल्या अँटिबायोटिकलाही न जुमानणारी क्लेब्सिएला आता आम्हाला नवी राहिलेली नाही.

अशा जंतूंसाठी सेफ्टाझिडीम-ॲव्हिबॅक्टम हे अँटिबायोटिक रुग्णालयाच्या फार्मसीत ठेवावं, अशी आयसीयूच्या फिजिशियन सरांची मागणी होती. औषध महाग. औषध समितीनं म्हटलं, आधी आपल्याच रुग्णांच्या जंतूंवर ते चालतं का ते प्रयोगशाळेनं दाखवावं, मग खरेदीचं बघू. मला हा निर्णय आवडला. औषध कंपन्यांचे एमआर लोक जे गुळगुळीत तक्ते दाखवतात त्यातले जंतू बहुधा अमेरिका-युरोपातले असतात, आणि तिथल्या क्लेब्सिएलाचं हत्यार वेगळं, आपल्याकडच्यांचं वेगळं.

हे हत्यार काय ते इथेच सांगते, कारण पुढचा सगळा गुंता त्यात आहे. सेफ्टाझिडीम हे १९८०च्या दशकातलं जुनं औषध. नवा आहे तो त्याचा जोडीदार ॲव्हिबॅक्टम. या जोडीला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली. जंतू बीटा-लॅक्टमेज नावाची एन्झाइम बनवतो आणि त्या कात्रीनं सेफ्टाझिडीमचं कडं कापून टाकतो. ॲव्हिबॅक्टम त्या कात्रीत अडकून बसतो. पण कात्र्या दोन जातींच्या. एका जातीची धार सेरीन या अमिनो आम्लावर चालते. केपीसी आणि ऑक्सा-४८ या त्यातल्या. दुसऱ्या जातीची जस्तावर चालते, आणि आपल्याकडे सर्रास सापडणारी एनडीएम ही त्यातली. तिच्या नावातच नवी दिल्ली आहे. ॲव्हिबॅक्टम पहिल्या जातीत अडकतो, जस्तवालीत अडकतच नाही. अमेरिकेत केपीसीचा बोलबाला, आपल्याकडे क्लेब्सिएलात एनडीएम आणि ऑक्सा-४८च्या कुळातल्या कात्र्या, कधी कधी दोन्ही एकाच जंतूत. म्हणजे हे औषध सोलापुरात किती कामाचं, हे बऱ्याच अंशी आपल्या जंतूंपाशी कोणती कात्री आहे त्यावर ठरणार.

फ्रीझरमधून आम्ही १२ जंतू काढले, वेगवेगळ्या रुग्णांचे, सगळे मेरोपेनेमला रेझिस्टंट, म्हणजे दाद न देणारे. अकरा क्लेब्सिएला न्यूमोनिए, एक ई. कोलाय. खरं तर फ्रीझरमधले अकराच. नऊ नंबरचा ताजा होता, वर आयसीयूत असलेल्या एका रुग्णाच्या रक्तातला. टॉवेलच्या कारखान्यात काम करणारे छप्पन वर्षांचे गृहस्थ, मूत्रमार्गात खडा अडकून वर पू साठलेला, तिथून जंतू रक्तात. यूरॉलॉजिस्टनं स्टेंट टाकून वाट मोकळी केली होती, ताप मात्र हटत नव्हता. अभ्यासात हा जंतू घ्यायचा आणि निकाल लगेच रुग्णाच्या रिपोर्टावरही द्यायचा असं ठरलं. आज वाटतं, अभ्यास आणि रिपोर्ट असे एका ताटात वाढायला नको होते.

पद्धत नेहमीचीच, डिस्क डिफ्यूजन. ०.५ मॅकफारलँड गढूळपणाचं द्रावण करायचं, म्हणजे मिलिलिटरला साधारण दहा ते वीस कोटी जंतू, पंधरा मिनिटांच्या आत ते म्युलर-हिंटन अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या थरावर सारवायचं, त्यावर ३० मायक्रोग्रॅम सेफ्टाझिडीम आणि २० मायक्रोग्रॅम ॲव्हिबॅक्टम असलेली डिस्क, म्हणजे कागदी चकती ठेवायची. ३५ अंशांना सोळा ते अठरा तासांनी झोन, म्हणजे डिस्कभोवती जंतू न वाढलेल्या वर्तुळाचा व्यास, मोजायचा. सीएलएसआय या अशा चाचण्यांचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या तक्त्याप्रमाणे २१ मिलिमीटर किंवा जास्त तर सेन्सिटिव्ह, २० किंवा कमी तर रेझिस्टंट. मधली पायरीच नाही. रोज सोबत एक कंट्रोल, म्हणजे वागणूक ठाऊक असलेला प्रमाणित जंतू लावायचा, ई. कोलाय एटीसीसी २५९२२. त्याचा झोन २७ ते ३५मध्ये आला की डिस्क, अगार, हात, सगळं ठीक असं धरायचं.

डिस्क सोमवारी आल्या. मंगळवार, बुधवार, गुरुवार, तिन्ही दिवस २५९२२ चा झोन २७. पास.

बारापैकी अकरा रेझिस्टंट निघाले, एक सेन्सिटिव्ह. नऊ नंबरचा झोन २० आला. बुधवारी दुपारी रिपोर्टावर ‘रेझिस्टंट’ छापून गेला आणि संध्याकाळी त्या गृहस्थांना कोलिस्टिन हे दुसरं अँटिबायोटिक सुरू झालं.

फिजिशियन सर फोनवर म्हणाले, “म्हणजे मॅडम, आपल्याकडे हे औषध कामाचंच नाही. एनडीएमचं राज्य.”

मी “हो” म्हटलं. म्हटलं, कारण मलाही तेच वाटत होतं. बारात अकरा रेझिस्टंट हे उत्तर ऐकून कुणीच दचकलं नाही. उलटं आलं असतं, बारात अकरा सेन्सिटिव्ह, तर मी त्याच दिवशी सगळं पुन्हा लावलं असतं.

शुक्रवारी संध्याकाळी समितीसाठी टिपण लिहायला बसले तेव्हा पहिल्यांदा अडखळले. या बाराही जंतूंची कार्बापेनेमेज चाचणी, म्हणजे मेरोपेनेमसारखी औषधं कापणारी कात्री शोधायची चाचणी, आम्ही आधीच केलेली होती. या चाचणीत जंतू आणि मेरोपेनेमची डिस्क चार तास एकत्र ठेवतात. जंतूकडे कात्री असेल तर डिस्कमधलं औषध संपतं, मग ती डिस्क २५९२२ च्या प्लेटवर ठेवली की झोन छोटा येतो. सोबतच्या दुसऱ्या नळीत ईडीटीए घालतात. ते जस्त ओढून घेतं, त्यामुळे जस्तवाली कात्री बोथट होते आणि औषध वाचतं. दोन झोनमध्ये पाच मिलिमीटर किंवा जास्त फरक पडला तर जस्तवाली. आमच्या बारात जस्तवाले सात होते. उरलेल्या पाचांत ईडीटीएनं काही फरक पडला नव्हता, म्हणजे बहुधा ऑक्सा-४८. या पाचांवर ॲव्हिबॅक्टम चालायला हवं होतं. आमच्या वहीत मात्र त्यातले चार रेझिस्टंट होते.

त्या चारांचे झोन पाहिले: १८, १९, २० आणि एक अगदीच लहान, १०. जो सेन्सिटिव्ह म्हणून सुटला होता तो २१. म्हणजे एक सोडला तर सगळे रेषेच्या आजूबाजूला गोळा झालेले. शिवाय सीएलएसआयच्या त्याच तक्त्याखाली टीप आहे, झोन २० ते २२ आला तर एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ थांबवणारी औषधाची किमान मात्रा, काढून खात्री करा. ती टीप मी विद्यार्थ्यांना शिकवलेली आहे. दोन जंतू त्या पट्ट्यात होते, त्यातला एक आयसीयूतल्या रुग्णाचा, आणि मी खात्री केली नव्हती. याचं कारण शोधत बसले नाही. घाईच होती.

मग कंट्रोलची वही उघडली. २७, २७, २७. मर्यादेच्या आत, पण तळाच्या पायरीवर, तीनही दिवस. चांगल्या डिस्कचा झोन ३१च्या आगेमागे हेलकावे खात असतो. एखाद दिवशी २७ आला तर ते चालून जातं. रोज २७ म्हणजे काहीतरी त्याला खाली धरून ठेवतंय.

काय धरून ठेवत असेल? जंतूंचं द्रावण जास्त दाट झालं तर झोन लहान येतात. अगार जाड ओतला गेला तरी येतात. पण त्याच प्लेटवर अमिकासिन या वेगळ्या अँटिबायोटिकची डिस्क होती, तिची मर्यादा १९ ते २६ आणि झोन तिन्ही दिवस २२-२३. द्रावण किंवा अगार बिघडला असता तर अमिकासिनही खाली घसरलं असतं. संशय नव्या डिस्कवरच राहिला.

आमचा थोरला टेक्निशियन घरी जायला निघाला होता. त्याला विचारलं, पार्सल कसं आलं होतं?

“शनिवारीच आलतं की मॅडम गावात. कुरियरवाल्याचं ऑफिस अर्ध्या दिवसानं बंद. रविवार सुट्टी. सोमवारी मीच जाऊन आणलं. पत्र्याचं शेड हाय त्यांचं.”

“आतला बर्फ?”

“पाणी झालतं. मी लिहून ठेवलंय ना.”

त्यानं खरंच लिहिलं होतं. चलनाच्या मागच्या बाजूला, पेन्सिलीनं, ‘जेल पॅक कोमट’. चलन फाइलला लावलेलं होतं, पुढची बाजू वर करून. त्या रविवारी सोलापूरचा पारा ४३ वर होता. पत्र्याच्या शेडात आत किती होता ते देव जाणे. बीटा-लॅक्टम डिस्क लांब साठवणीला उणे २० अंशांत आणि रोजच्या वापराला २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. उष्णता आणि दमटपणा हे त्यांचे दोन वैरी.

तरीही प्रश्न होताच. डिस्क उन्हानं मेली असेल तर २५९२२ पास कसा झाला? याचं उत्तर या कंट्रोलच्या स्वभावात आहे. २५९२२ हा भाबडा जंतू, त्याच्याकडे कसलीच कात्री नाही. नुसत्या सेफ्टाझिडीमनंही तो मरतो. नुसत्या सेफ्टाझिडीमच्या डिस्कला त्याची मर्यादा २५ ते ३२ आहे. ॲव्हिबॅक्टम पूर्ण उडून गेलं तरी त्याला कळणार नाही. जोडीदार जिवंत आहे का हे विचारायचं तर कात्री असलेला कंट्रोल हवा. त्यासाठी क्लेब्सिएला एटीसीसी ७००६०३ आहे, तो एसएचव्ही-१८ नावाचं एन्झाइम बनवतो. नुसत्या सेफ्टाझिडीमला त्याचा झोन १० ते १८, ॲव्हिबॅक्टमसह २१ ते २५. हा जंतू आमच्या फ्रिजमध्ये होता. महिन्यातून एकदा ईएसबीएलच्या, म्हणजे सेफ्टाझिडीमसारखी औषधं कापणाऱ्या एन्झाइमच्या, चाचणीला वापरायचो, या कामासाठी कुणी बाहेर काढला नव्हता.

शुक्रवारी रात्रीच त्याची स्ट्रीक केली, म्हणजे तो ताज्या प्लेटवर वाढायला लावला, आणि सरांना फोन केला.

“नऊ नंबरचा तो रिपोर्ट माघारी घेतलाय असं समजा.”

“मग काय धरू? सेन्सिटिव्ह?”

“अजून काहीच धरू नका.”

पलीकडे शांतता. मग म्हणाले, “मॅडम, क्रिएटिनिन दीडवरून दोनवर गेलंय.” कोलिस्टिन मूत्रपिंडाला त्रास देतं हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि यांचं एक मूत्रपिंड आधीच खड्यानं दमलेलं. कोलिस्टिनवर मन निर्धास्त ठेवावं असंही काही नाही. सीएलएसआयनं २०२० पासून या जंतूंसाठी त्याच्या तक्त्यातून ‘सेन्सिटिव्ह’ हा शब्दच काढून टाकला, ‘इंटरमीडिएट’ आणि ‘रेझिस्टंट’ एवढंच उरलं.

रविवारी सकाळी ७००६०३ चा झोन मोजला: १७. नापास. नुसत्या सेफ्टाझिडीमच्या मर्यादेत बसावा असा. यात ॲव्हिबॅक्टम किती गेलं आणि सेफ्टाझिडीम किती, ते आम्ही मोजलं नाही. मोजायची गरजही नव्हती, डिस्कच्या त्या कार्ट्रिज सगळ्या टाकून दिल्या.

नव्या डिस्क मागवायच्या तर पुन्हा तोच कुरियर, तोच रविवार. पुण्यातल्या एका ओळखीच्या प्रयोगशाळेनं दुसऱ्या लॉटची न उघडलेली कार्ट्रिज द्यायची तयारी दाखवली. टेक्निशियनचा मेव्हणा रविवारी रात्री पुण्याहून यायचाच होता. थर्मोकोलचा डबा, चार जेल पॅक, मांडीवर घेऊन अडीचशे किलोमीटर. सोमवारी पहाटे डबा उघडला तेव्हा पॅक अजून कडक होते. कार्ट्रिज लगेच उघडली नाही, तास-दीड तास बाहेर ठेवली. थंडगार कुपी दमट हवेत उघडली की डिस्कवर दव धरतं, आणि मग आपणच आपल्या हातानं तेच नुकसान करतो.

मंगळवारी सकाळी प्लेटा काढल्या. २५९२२ ला ३१, ७००६०३ ला २३. दोन्ही मधोमध. अमिकासिन जिथल्या तिथे, २२.

जस्तवाले सातही पुन्हा रेझिस्टंट. कुठे झोनच नाही, कुठे बारा-तेरा. त्यांच्याबाबत मेलेल्या डिस्कनं बरोबर उत्तर दिलं होतं, चुकीच्या कारणानं. उरलेल्या पाचांत १८चा २३ झाला, १९चा २४, २१चा २६. आणि नऊ नंबर, २० वरून २५. चौघेही स्वच्छ सेन्सिटिव्ह. नऊ नंबरची एमआयसी पट्टीही लावली होती, ती १ वर थांबली. इथे सेन्सिटिव्हची वरची मर्यादा ८ आहे, ॲव्हिबॅक्टम ४वर स्थिर ठेवून मोजायची.

पाचवा, १०वाला, नव्या डिस्कनंही ११च. त्यानं मला दुपारपर्यंत छळलं. ईडीटीएच्या चाचणीत हा जस्तवाला नव्हता, मग ॲव्हिबॅक्टमला दाद का देत नाही? पाच जातींच्या कार्बापेनेमेज ओळखणारी रंगीत रेघांची पट्टी एक शिल्लक होती, ती खर्च केली. दोन रेघा उमटल्या, एनडीएम आणि ऑक्सा-४८. दोन्ही कात्र्या एकाच जंतूत असल्या की ईडीटीए एक बोथट करतं, दुसरी कापतच राहते, आणि चाचणी फसते. म्हणजे माझं शुक्रवारचं गणित, ‘पाच जण सेन्सिटिव्ह यायला हवेत’, तेही एकानं चुकलेलं होतं. सुदैवानं चूक शोधायला ते पुरेसं बरोबर होतं.

एकूण हिशेब असा: बारात चार सेन्सिटिव्ह, आठ रेझिस्टंट. सोलापूरबद्दल यावरून काही म्हणू नये, एका फ्रीझरमधले बारा जंतू आहेत. पण आधीच्या ‘बारात एक’पेक्षा हे वेगळं चित्र आहे, आणि त्या फरकात एक माणूस होता.

सुधारित रिपोर्ट मंगळवारी साडेअकराला गेला. वर ठळक अक्षरात, ‘बुधवारचा अहवाल रद्द, कारण: चाचणीच्या डिस्क सदोष’. आमच्या व्यवस्थापनाला हा शेवटचा भाग नको होता. ‘सुधारित’ एवढंच लिहा म्हणाले. मी ऐकलं नाही.

तोवर ताप कोलिस्टिनवरच उतरू लागला होता आणि क्रिएटिनिन २.८ झालं होतं. सरांनी औषध बदललं, मूत्रपिंडाच्या बेतानं डोस कमी करून. दहा दिवसांनी ते गृहस्थ चालत घरी गेले. जाताना क्रिएटिनिन १.९ होतं, आले तेव्हाच्या दीडवर ते परत आलं नाही. त्यात खड्याचा वाटा किती, जंतूचा किती, कोलिस्टिनच्या त्या सहा दिवसांचा किती, हे वेगळं काढता येत नाही. त्यांचा मुलगा डिस्चार्जची फाइल घेऊन प्रयोगशाळेत आला, दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी धरून.

“मॅडम, पयला रिपोर्ट चुकीचा होता का?”

“हो. चुकीचा होता. आमच्या डिस्क खराब होत्या आणि ते मला उशिरा कळलं.”

तो थोडा वेळ उभा राहिला. “बरं,” म्हणाला, आणि फाइल मिटून गेला. त्या ‘बरं’चा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही.

समितीला टिपण देण्याआधी त्या आठ रेझिस्टंट जंतूंवर आणखी एक गोष्ट केली. ॲझट्रिओनाम हे तितकंच जुनं औषध एनडीएमला कापता येत नाही. मग नुसतं तेच का देऊ नये? कारण एनडीएमवाल्या जंतूच्या खिशात सहसा ईएसबीएलसारख्या दुसऱ्या कात्र्याही असतात आणि त्या ॲझट्रिओनाम कापतात. त्या मात्र सेरीनवाल्या, म्हणजे ॲव्हिबॅक्टमच्या टप्प्यात येणाऱ्या. ॲझट्रिओनाम एनडीएमपासून आपोआप सुरक्षित, बाकीच्यांपासून ॲव्हिबॅक्टम त्याला वाचवतो. युरोपात ही जोडी २०२४ मध्ये स्वतंत्र औषध म्हणून मान्य झाली. आमच्यासारख्या ठिकाणी ती साधायची तर सेफ्टाझिडीम-ॲव्हिबॅक्टम आणि ॲझट्रिओनाम दोन्ही सोबत द्यायची.

प्रयोगशाळेत हे बघायला महागडं यंत्र लागत नाही. प्रत्येक जंतूला चार नळ्या, प्रत्येकीत २ मिलिलिटर ब्रॉथ, म्हणजे जंतूंचं पातळ खाद्य. एकीत ॲझट्रिओनामची डिस्क, एकीत सेफ्टाझिडीम-ॲव्हिबॅक्टमची, एकीत दोन्ही, चौथीत कोणतीच डिस्क नाही. अर्धा तास औषध ब्रॉथमध्ये उतरू द्यायचं, मग मोजून जंतू सोडायचे आणि रात्रभर इन्क्युबेटरमध्ये. सकाळी नळी उजेडासमोर धरायची, गढूळ की स्वच्छ. ३० मायक्रोग्रॅमची डिस्क २ मिलिलिटरमध्ये, म्हणजे मिलिलिटरला १५ मायक्रोग्रॅम, हा हिशेब तोंडी होतो. या वेळी दोन्ही कंट्रोल आधी लावले, मग जंतू.

आठपैकी सातांत जोडीची नळी पाण्यासारखी स्वच्छ, बाकीच्या तिन्ही गढूळ. सकाळच्या उन्हात ती रांग बघायला टेक्निशियननं शेजारच्या पॅथॉलॉजीच्या पोरींनाही बोलावलं. आठवी, जोडीतही गढूळ, आमचा एकुलता ई. कोलाय. भारतातल्या एनडीएमवाल्या ई. कोलायमध्ये ॲझट्रिओनाम जिथे जाऊन चिकटतं त्या पीबीपी-३ प्रथिनातच चार अमिनो आम्लांची भर पडलेली आढळते, त्यानं औषधाची पकड सुटते. आमच्याकडे तेच झालंय का हे जनुक वाचल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि ती सोय इथे नाही. टिपणात ‘जोडीला दाद नाही’ एवढंच लिहिलं.

समितीनं औषध मर्यादित साठ्यात ठेवायला परवानगी दिली, प्रयोगशाळेचा निकाल सोबत असेल तरच द्यायचं या अटीवर. सरांना अट जाचक वाटली, आयसीयूत रात्री दोन वाजता निकाल कुठून आणू म्हणाले. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. सध्या एक पळवाट ठेवली आहे: पहिले दोन डोस सरांच्या सहीवर, तिसऱ्याआधी झोन.

आमच्याकडचे बदल मोजकेच. या डिस्कसोबत आता दोन्ही कंट्रोल लागतात, नवं पार्सल आलं की रुग्णाच्या जंतूआधी. वहीत नुसती बरोबरची खूण चालत नाही, आकड्यांचा आलेख काढतो. आणि मार्च ते जून शुक्रवार-शनिवारी पाठवलेलं पार्सल घेत नाही, पुरवठादाराला तसं कळवलंय. त्याचं उत्तर आलं की सोलापूरला सोमवारची गाडी भरत नाही. बोलणी चालू आहेत. मेव्हण्याला मात्र टेक्निशियननं एक चांगला, झाकण घट्ट बसणारा डबा घेऊन दिलाय.